काळी गाडी धुतल्यावर उठणारे पांढरे ठिपके कसे टाळावेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, तुम्ही कळंब्याच्या बाजूला राहता, काळ्या रंगाची नवी गाडी दर रविवारी स्वतः धुता, चांगल्यापैकी शाम्पू वापरता, तरीही गाडी वाळली की बॉनेटवर आणि काचांवर पांढरे ठिपके उठतात. तर कोणता शाम्पू घ्यावा. मीही कोल्हापुरातच राहतो, आमच्या अपार्टमेंटला बोअरचे पाणी आहे आणि गाडी घेतल्यानंतरची पहिली दोन वर्षे माझीही अशीच गेली. शाम्पू बदलून फरक पडणार नाही, हे मी चार शाम्पू बदलून पाहिल्यावर सांगतो आहे. हे ठिपके शेवटच्या बादलीतल्या पाण्याचे असतात आणि ते पाणी तुमच्या टॉवेलच्या आधी उन्हाने टिपलेले असते.

आपल्या भागातली बोअर काळ्या पाषाणात उतरलेली असते. खडकाच्या भेगांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळते. थेंब वाळू लागला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खाली कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ खडूच, शिल्लक राहतो. गिझरच्या कॉइलवर जे पांढरे कवच चढते तेच हे. ज्या घरात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या घरच्या गाडीवर ठिपके दिसणारच. पाणी पिण्यायोग्य असले म्हणजे ते डाग पाडणार नाही, असेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. पांढऱ्या गाडीवर हे खपून जाते. काळ्या गाडीवर मात्र २०० सुद्धा स्पष्ट दिसतात.

खात्री करून घ्यायची असेल तर स्टीलचे एक स्वच्छ ताट घ्या. त्यावर बोअरच्या पाण्याचा, नळाच्या पाण्याचा आणि आरओच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून ताट दुपारभर गच्चीवर ठेवा. बोअरच्या थेंबाच्या जागी एक कडे उमटलेले दिसेल, मध्ये विरळ आणि काठावर दाट. थेंबाची कड आधी वाळते, ती भरून काढायला आतले पाणी काठाकडे ओढले जाते आणि जाताना क्षारही सोबत नेते. चहाचा डाग कडेला गडद असतो तो याच कारणाने. बॉनेटवर बारकाईने पाहिलेत तर तुमचे ठिपकेही भरीव नसून गोल कडीच आहेत, असे आढळेल.

म्हणून पहिला उपाय पाण्याचा. सगळी गाडी चांगल्या पाण्याने धुण्याची गरज नाही. धूळ आणि फेस बोअरच्या पाण्याने काढला तरी चालतो. शेवटचे पाच-सात लिटर तेवढे हलके, म्हणजे कमी क्षारांचे, असावेत. महापालिकेचे पाणी येत असेल तर ते घ्यावे, कारण धरणाचे पाणी बोअरपेक्षा बहुधा बरेच मऊ असते. आरओचे शुद्ध पाणी त्याहून चांगले. फवारणीच्या छोट्या पंपात भरून वरून खाली फवारले तर थोडक्यात भागते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचेच असल्यामुळे त्यातही क्षार नगण्य असतात. ते फडक्यातून गाळून घेतले की काम होते. आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आरओ मशीनमधून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी गाडी धुण्यासाठी वापरा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. पाण्याची बचत म्हणून हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कारण शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार तिकडेच ढकललेले असतात. ते पाणी चाकांना आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला वापरावे, रंगावर नको. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने पाणी तपासायला हरकत नाही. मीटरवर समजा ८००, म्हणजे लिटरला ८०० मिलिग्रॅम, आले, तर वाळून जाणारे प्रत्येक लिटर पाऊण ग्रॅमहून अधिक क्षार मागे ठेवते.

दुसरा उपाय वेळेचा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर बॉनेटला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर गाडी धुऊ नये. सकाळी आठच्या आत, सावलीत, इंजिन थंड असताना धुवावी. टपापासून सुरुवात करून एकेक भाग खाली खाली घ्यावा आणि धुऊन झालेल्या भागावर अधूनमधून पाणी मारत राहावे, म्हणजे पुसायला घेईपर्यंत काहीच वाळत नाही. शेवटचे पाणी पाईपने मारणार असाल तर पुढचे नोझल काढून टाका आणि पाईप पत्र्याजवळ धरून मंद धार सोडा. फवाऱ्याने हजार थेंब तयार होतात. संथ धारेने पाण्याची सलग चादर होते आणि ती जाताना बरेचसे पाणी आपल्याबरोबर घेऊन जाते.

पुसण्याबाबत आपल्याकडे फार हयगय होते. जुना पंचा किंवा बनियन पाणी टिपत नाही, नुसते पसरवते. जाड मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल घ्या, तो पत्र्यावर अंथरा, दोन टोके धरून अलगद स्वतःकडे ओढा. दाबू नका, घासू नका. मागे जी पुसट ओल राहते ती दुसऱ्या कोरड्या टॉवेलने लगेच उचला. हे टॉवेल धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नये, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी शोषेनासा होतो. आरसे, नंबरप्लेट, दरवाज्यांच्या फटी आणि मागचे दिवे यांत पाणी दडून बसते आणि दहा मिनिटांनी ओघळते; मी पुसून झाल्यावर रंकाळ्यापर्यंत एक चक्कर मारून येतो आणि परतल्यावर ते ओघळ टिपतो.

वॅक्सबद्दल एक गैरसमज आहे. वॅक्स किंवा कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे मणी होतात, ते दिसायला छान असतात, पण उन्हात तसेच सोडले तर प्रत्येक मणी आपल्या जागी सगळा क्षार एकवटून बसतो. वॅक्सचा खरा फायदा हा की पाणी लवकर निथळते आणि पडलेला डाग रंगाला न चिकटता वरच्या थरावर राहतो. पुसण्याची मेहनत त्याने वाचत नाही.

आता तुमच्या गाडीवर आधीच पडलेले ठिपके. पांढरे व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळा, थंड पत्र्यावर ओले फडके मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करा. आधी एका कोपऱ्यात करून पाहा आणि मिश्रण पत्र्यावर वाळू देऊ नका. त्या भागावरचे वॅक्सही यात निघते, ते पुन्हा लावावे लागेल. एवढे करूनही कडे दिसत असेल तर क्षाराने क्लिअर कोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, खड्डा पाडला आहे असे समजावे. तिथे फक्त पॉलिशच उपयोगी पडते आणि ते शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडून करून घेतलेले बरे. मी एकदा घाईत फरशी धुण्याचे ॲसिड पातळ करून मागच्या काचेवर लावले होते. काच लखलखीत झाली, पण ओघळ खालच्या क्रोमच्या पट्टीवर गेला आणि ती पट्टी आजतागायत पांढुरकी आहे.

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की आपल्याकडे आणखी एक भर पडते. त्या दिवसांत बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख गाडीवर उतरते, पहाटे त्यावर दव पडते, आणि सकाळी गाडी न धुताही ठिपक्याठिपक्यांची दिसते. अशा वेळी कोरडे फडके मारण्याचा मोह होतो, पण त्या राखेत सिलिका भरपूर असल्याने ती कागदी पॉलिशपेपरसारखी घासते. आधी नुसत्या पाण्याने राख वाहून जाऊ द्यावी आणि मगच हात लावावा. त्या महिन्यांत रात्री गाडी शेडखाली उभी करता आली तर निम्मे काम तिथेच वाचते.