सायक्लोहेक्सीन करताना थर्मामीटर काय सांगतो

सायक्लोहेक्सॅनॉलचे निर्जलीकरण, म्हणजे या अल्कोहोलमधून पाणी काढून सायक्लोहेक्सीन बनवणे, प्रथमच करणार असाल, तर सल्फ्युरिकऐवजी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल घ्यावे. सल्फ्युरिकनेही काम होते, पण फ्लास्कच्या तळाशी जो काळा थर बसतो तो घासताना जीव मेटाकुटीला येतो. अभिक्रिया उत्क्रमणीय (उलट दिशेनेही होणारी) असल्यामुळे अल्कीन, म्हणजे सायक्लोहेक्सीन, तयार होईल तसतसे बाहेर काढणे महत्त्वाचे असते. ते पाण्यासह सुमारे ७१ अंशांना, तर अल्कोहोल एकटे १६१ अंशांना उकळते. म्हणून आच मंद ठेवावी आणि थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या किंचित खाली असावा, नाहीतर आकडा फसवतो.

गढूळ ऊर्ध्वपातित (वाफ थंड करून मिळालेला) द्रव सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने, मग मिठाच्या संपृक्त द्रावणाने धुवावा आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर तो नितळ दिसेपर्यंत ठेवावा. घाई इथेच नडते, कारण उरलेले पाणी दुसऱ्या ऊर्ध्वपातनात पुन्हा सोबत येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने शुद्ध सायक्लोहेक्सीनच्या पुस्तकातल्या ८३ अंश उत्कलनबिंदूऐवजी येथे साधारण ८१ दिसतील. तेवढ्यावरून थर्मामीटरला दोष देऊ नये. द्रव अतिज्वलनशील आहे, तेव्हा बर्नर नको, हीटिंग मँटल (फ्लास्कभोवतीचे विजेचे तापक आवरण) वापरावे. शिवाय जुन्या साठ्यात पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगे असू शकत असल्याने फ्लास्क कोरडा पडेपर्यंत तापवू नये.