८५ हजारांची फी आणि फीबाहेरचा खर्च

प्रश्न: मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, वय २६, रसायनशास्त्रात बी.एस्सी. पिसुर्ले औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात आहे, पगार १८,५०० रुपये. घरी पाच गायी, त्यांतल्या तीन दुभत्या. रोज साधारण २८ लिटर दूध गावच्या सोसायटीत जातं. दूध तपासणीचा सहा महिन्यांचा कोर्स करावा असं मनात आहे. तो गोव्याबाहेर आहे. फी ८५,००० आणि राहण्या-जेवणाला महिना ७,५००. नोकरी सोडावी लागेल. कोर्सवाले म्हणतात, नंतर २२,००० ची नोकरी सहज मिळते आणि कर्ज काढलं तर करही वाचतो. माझी अडीच लाखांची एफडी आहे, मार्चमध्ये मुदत संपते. ती मोडू का? सोसायटीनेही टेस्टर म्हणून ये, सकाळ-संध्याकाळचे ६,००० देतो, असं सांगितलं आहे. शिवाय स्वतःचं मशीन घेऊन गावात गायींचं दूध तपासून द्यावं असाही विचार आहे; दुकानदाराने मशीनची किंमत ४८,००० सांगितली. घर सोडून कायमचं बाहेर जायचं नाही.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका आणि हा कोर्स यंदा करू नका. दूध तपासणी मात्र शिका. या दोन्हींत विरोध नाही.

तुम्ही खर्च म्हणून ८५,००० आणि जेवणाखाण्याचे ४५,००० धरलेत. सहा महिने जो पगार येणार नाही तो धरायचा राहिला: १,११,०००. म्हणजे कोर्सची खरी किंमत २,४१,००० रुपये. कोर्सनंतर २२,००० ची नोकरी मिळालीच, तर आजच्यापेक्षा महिना ३,५०० जास्त. पण गोव्यात अशी नोकरी मिळाली तर ती बहुधा फोंड्याच्या बाजूला असेल, कारण सहकारी दूध संघाचा कारखाना कुर्टीला आहे. वाळपईकडून रोज जाऊन-येऊन महिन्याला दीड हजार जादा लागतील असं धरा. हातात उरले दोन हजार. २,४१,००० भागिले २,००० म्हणजे १२० महिने. पैसे वसूल व्हायला दहा वर्षं, आणि तीही नोकरी पहिल्याच महिन्यात लागली तर.

एक गोष्ट कोर्सवाले सांगणार नाहीत. ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. आज १८,५०० वर तुम्ही त्यात बसता आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळू शकतात. २२,००० च्या नोकरीत ते कवच नाही. पगार वाढला म्हणून आनंद करायचा आणि तोच वाढीव पैसा आरोग्य विम्याच्या हप्त्यात घालायचा, असं होईल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असेलच. त्यात तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि चार किंवा जास्त जणांच्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे. त्याचं नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करा. पण त्याच्या भरवशावर ईएसआय सोडू नका.

कर वाचतो हे तर तुमच्या बाबतीत निव्वळ गोड बोलणं आहे. शैक्षणिक कर्जाच्या फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. तुमचा वर्षाचा पगार सव्वादोन लाखांच्या आत आहे. जो कर लागतच नाही तो वाचणार कुठून? तरीही बँकेत एक चक्कर मारा, कर्ज काढायला नव्हे, विचारायला. कौशल्य कर्जाची एक सरकारी योजना आहे, २०२४ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांवर नेली. राष्ट्रीय कौशल्य चौकटीत बसणारे अभ्यासक्रम ही तिची मूळ कल्पना. तुमच्या कोर्सचं नाव सांगून ‘याला कर्ज देता का’ एवढंच विचारा. बँक नाही म्हणाली तर त्या प्रमाणपत्राचं वजन तुम्हाला तिथेच कळेल.

आता सहा महिन्यांत शिकवतात काय ते पाहू. सोसायटीत रोज लागणारी फॅटची तपासणी गर्बर पद्धतीने करता येते: ब्यूटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचनळीत) १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून आकडा वाचायचा. दुधाची घनता दाखवणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री घ्यायची, तापमानाची दुरुस्ती करायची आणि सूत्रात घालून एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, काढायचं. बी.एस्सी.ला टायट्रेशन केलेल्या मुलीला यासाठी सहा महिने कशाला हवेत? मिथिलीन ब्लूची चाचणी, युरिया, स्टार्च, डिटर्जंट, न्यूट्रलायझर यांची भेसळ ओळखणं, जिवाणूंची मोजणी, नोंदी ठेवणं यांना वेळ लागतो, हे खरं. म्हणून संस्थेला विचारा, या चाचण्या प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती वेळा करतो? आणि मागच्या तुकडीतली गोव्यातली मुलं आज कुठे कामाला आहेत? दुसऱ्या प्रश्नाला निदान दोन फोन नंबर मिळाले नाहीत तर ‘सहज’ हा शब्द विसरा.

फूड ॲनालिस्ट, म्हणजे सरकारमान्य अन्नतपासनीस, होता येईल असंही कुणी सांगेल. त्यासाठीच्या परीक्षेला साधी बी.एस्सी. चालत नाही. रसायनशास्त्रासारख्या विषयात एम.एस्सी. लागते, नाहीतर डेअरीची बी.टेक.सारखी पदवी, आणि वर अन्नतपासणीचा तीन वर्षांचा अनुभव. सहा महिन्यांचा कोर्स त्या वाटेवर तुम्हाला एक पाऊलही पुढे नेत नाही.

मशीनबद्दल थोडक्यात. गावात महिन्याला ४० गायींचे नमुने ४० रुपयांनी तपासलेत तर १,६०० रुपये येतील. पेट्रोल आणि साफसफाईची रसायनं वजा जाता हजार उरले, तर ४८,००० फिटायला चार वर्षं. तोवर आपल्याकडची पावसाळी दमट हवा आणि विजेचा लपंडाव त्या मशीनला सोसावा लागणार. शिवाय त्याचे आकडे अधूनमधून गर्बरशी ताडून पाहावे लागतात, नाहीतर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. नको.

पैसा खरा आहे तो तुमच्याच गोठ्यात. सोसायटी दर देते तो फॅट आणि एसएनएफवर, आणि तीन गायींचं दूध एकाच कॅनमध्ये जातं. त्यातली एक जरी पातळ दूध देत असेल तरी तिन्हींचा दर खाली येतो, आणि ती कोणती हे कॅन सांगत नाही. गायीच्या दुधाचं कायदेशीर किमान प्रमाण ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ. प्रत्येक गायीचा सकाळचा आणि संध्याकाळचा नमुना वेगळा घ्या, पूर्ण धार काढून झाल्यावर, दूध नीट ढवळून. पहिल्या धारेत फॅट कमी असते, शेवटच्या धारेत जास्त; त्यामुळे वरवरचा नमुना फसवतो. धार काढल्या काढल्या लॅक्टोमीटर बुडवू नका, हवेमुळे डिग्री कमी दिसते. एखादीचं एसएनएफ सतत कमी दिसलं तर कासदाहाची, म्हणजे दगडी या कासेच्या आजाराची, शंका घ्या. दगडी बाहेरून दिसायच्या आधीच दूध आणि एसएनएफ दोन्ही घटवते, आणि कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट ही गोठ्यात बसून करायची चाचणी आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही दुधाच्या प्रशिक्षणाची चौकशी करा, अशी छोटी शिबिरं रजा टाकून करता येतात. लिटरमागे एक रुपया दर वाढला तर २८ लिटरला महिन्याचे ८४० रुपये होतात. २२,००० च्या नोकरीतून उरणाऱ्या दोन हजारांपुढे हे थोडे वाटतील, पण त्यासाठी अडीच लाख घालावे लागत नाहीत.

म्हणून सोसायटीचं बोलावणं अर्धं स्वीकारा. कंपनीत जनरल शिफ्ट मिळत असेल तर तीन महिने फक्त सकाळच्या संकलनाला उभ्या राहा, निम्म्या पैशात. नोकरी सोडून पूर्ण ६,००० घेऊ नका, तो पोटाचा पगार नव्हे. पण तीन महिन्यांत हात बसेल, आणि हे काम रोज पहाटे उठून करायला आवडतं की नाही हेही कळेल. ॲसिड हाताळताना चष्मा आणि हातमोजे वापरा. सोसायटीत ते नसतीलही आणि कुणी विचारणारही नाही.

दुसरं, कंपनीतच क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात बदलीचा अर्ज द्या. रसायनशास्त्राची पदवीधर पॅकिंगमध्ये का आहे, हा प्रश्न तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मोठा आहे. क्यूसीचा अनुभव पुढे अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेतही कामी येऊ शकतो, आणि त्याला फी नाही. त्यानंतरही डेअरीचाच कागद हवा असेल तर इग्नूचा डेअरी टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो. त्यात प्रात्यक्षिकं असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी अभ्यासकेंद्र कुठे पडतं ते पाहा.

घर सोडायची तयारी असती तर हिशेब वेगळा झाला असता. कोल्हापूर भागात गोकुळ, वारणा यांसारखे मोठे संघ आहेत, तिथे प्रशिक्षित हातांना जागा जास्त. पण ते तुम्हीच नको म्हटलंत, आणि म्हातारपणी आई-बाबांना गायी झेपणार नाहीत हे पाहता मलाही ते पटतं.

एफडीचं असं करा. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, आणि व्याजही जितके दिवस ठेव राहिली तितक्याच दिवसांच्या दराने मिळतं. मार्चमध्ये मुदत संपली की तिचे दोन भाग करा. एक लाख वर्षभराच्या ठेवीत, घरच्या अडीअडचणीसाठी. चवथीचा खर्च त्यातून करायचा नाही. उरलेले दीड लाख जरा लांब मुदतीत, पुढे एम.एस्सी. करायचं ठरलं तर फीसाठी. दोन्ही ठेवींवर नॉमिनी म्हणून आईचं नाव लावा. आत्ताच्या एफडीवर ते आहे का, हेही पावती काढून पाहा.