‘मेच्या सुट्टीनंतर फाईल करू’ म्हणणाऱ्या सीनिअरबद्दल

तुम्ही चिपळूणचे, वकिलीला सहा वर्षं झालेली, मुंबईच्या फर्मसाठी परदेशी खरेदीदारांच्या लवादाची (कोर्टाबाहेर पंचांकडून तंटा सोडवण्याची) कामं बघता. अशिलाच्या विरोधात गेलेला निवाडा २७ जानेवारीला हातात पडला, सीनिअर म्हणतात कोर्टाच्या मेच्या सुट्टीनंतर आव्हान देऊ, आणि तुमचा प्रश्न मात्र लंडनला एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) करावं का हा! एलएलएमचं नंतर बघू. ते सुट्टीचं वाक्य वाचून पोटात गोळा आला, कारण तेच मी एकदा अशिलाला ऐकवलंय.

अशील रत्नागिरीचा, कोळंबी निर्यात करणारा. लवादाची सीट (ज्या ठिकाणचा कायदा आणि कोर्टं लवादाला लागू, ते ठिकाण) मुंबई. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि सबळ कारण दाखवलं तर वर तीस दिवस, हे पाठ होतं. तीन महिने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात संपले, तीस दिवस ऐन सुट्टीत संपणार होते. म्हटलं, सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, दिवाणी कोर्टात हेच करत आलो. जूनमध्ये पहिल्याच सकाळी अर्ज दिला. मुदतीवर फेटाळला. माल बंदरात पडून का राहिला, सर्व्हेअरने काय लिहिलं, यातलं एक अक्षर कुणी ऐकलं नाही.

कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करायची सवलत देणारं मुदत कायद्याचं कलम ४ ‘विहित मुदती’ला लागतं, आणि इथे विहित मुदत म्हणजे ते तीन महिनेच. वरचे तीस दिवस त्यात धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आसाम अर्बन वॉटर सप्लायच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. माझ्या केसच्या आधी! वाचलं नव्हतं, एवढंच. मुदत कायद्याच्याच कलम ५ खाली विलंबमाफीही मिळत नाही, ते तर २००१ पासून ठरलेलं आहे.

आता तुमचं गणित. तीन महिने २७ एप्रिलला, कोर्ट चालू असताना संपतात. तीस दिवस २७ मेला, सुट्टीत. म्हणजे जूनमध्ये गेलात तर माझ्यासारखेच परत याल. हाच निवाडा १५ फेब्रुवारीला मिळाला असता तर तीन महिनेच सुट्टीत संपले असते आणि उघडल्या दिवशीचं फायलिंग चाललं असतं. अर्थात मी तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत. लवाद कायद्याच्या कलम ३३ खाली निवाड्यात दुरुस्ती मागितली असेल तर मुदत त्या अर्जाच्या निकालापासून मोजतात. आणि हे सगळं सीट भारतात असेल तरच. सीट लंडन असेल तर इथे ३४ लागूच नाही, तिथे २८ दिवसांत जावं लागतं.

सीनिअरना फोन करू नका, ईमेल करा, तारखा लिहून. आमच्याकडे (फर्मचं नाव घेत नाही) पार्टनरनीही ‘कोर्ट उघडू दे रे’ म्हटलं होतं, चहा पिताना. नंतर फाईलवर सापडली ती फक्त माझी चिठ्ठी. अशिलाला सांगायलाही मलाच मिरकरवाड्याला पाठवलं. त्या माणसाने ओरडायला हवं होतं, तो नुसता ‘बरं’ म्हणाला.

आणखी एक. लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर नुसता ३४ चा अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो आणि कोर्ट बहुधा पैसे भरायला लावतं. अशिलाला बँक गॅरंटीचं आत्ताच बोलून ठेवा. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहे म्हणून तिकडे धावू नका, सीट मुंबई असेल तर आधी मुंबईच्या ओरिजिनल साइडला (अपिलं नव्हे, थेट दाखल होणारी प्रकरणं ऐकणाऱ्या शाखेला) विचारा.

एलएलएमचं माझं मत, पटलं तर घ्या: कर्ज काढून आत्ता जाऊ नका. आधी बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती) आणि लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी) ओळ न ओळ वाचता यायला हवं, आणि ते आपल्या निर्यातदारांच्या कपाटात फुकट पडलेलं आहे. दोन वर्षांनीही जावंसं वाटलं तर जरूर जा. मी गेलो नाही, त्यामुळे थोडी असूयाही धरा यात.

निवाड्याची स्कॅन प्रत २७ जानेवारीच्या आधी ईमेलने आली होती का? सही केलेली प्रत पक्षकाराला मिळाल्यापासून मोजतात हे खरं, पण मी असतो तर सगळ्यात आधीचीच तारीख धरली असती. तेवढं बघून कळवा.