कॉलेज करता करता विमा विकणार असशील तर
जमण्यासारखं काम आहे, नक्की कर. पण परवाना हातात येईपर्यंत एकही पॉलिसी विकू नकोस, दुसऱ्या एजंटच्या कोडवर (त्याच्या नावाच्या क्रमांकावर) तर नाहीच. आधी फक्त साधा मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा) पक्का कर: संरक्षण कशाला, वगळलंय काय, हप्ता चुकला तर पुढे काय. बाकीच्या योजना नंतर.

नवखे चुकतात ते प्रस्ताव अर्जात, म्हणजे पॉलिसी मागताना भरायच्या अर्जात. मधुमेह, धूम्रपान, जुनं ऑपरेशन, सगळं ग्राहकाला विचारून जसंच्या तसं लिही; कोऱ्या अर्जावर सही कधीच घेऊ नकोस. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो आणि पैसे अडकतात ते मागे राहिलेल्या घरच्यांचे.

- मित्रांच्या गळ्यात पॉलिसी मारू नकोस. न परवडणारी लवकर बंद पडते, कमिशनही परत द्यावं लागू शकतं.
- फीचे पैसे कमिशनच्या भरवशावर ठेवू नकोस.
- परीक्षेच्या महिन्यात नव्या भेटी बंद. दाव्याचे फोन मात्र घेच.