कैची म्हणजे सिझर ट्रस नव्हे

प्रश्न आला आहे : छपराच्या ट्रसला (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याला) 'छतचौकट' म्हटलं तर चालेल का, आणि किंग पोस्टला (त्याच्या मधल्या उभ्या खांबाला) 'राजस्तंभ'?

छतचौकट कशाला? सुतार आणि शेड बांधणारे फॅब्रिकेटर सरळ 'कैची' म्हणतात. 'एवढ्या शेडला किती कैच्या लागतील?' ही त्यांची रोजची भाषा. दोन वासे वर टोकाला जुळलेले, खाली पाय फाकलेले, बेचकीत आढं. उघड्या कात्रीसारख्या या रूपावरूनच नाव पडलं असावं.

घोळ होतो तो उलट दिशेने. कैचीचं इंग्रजी करताना कुणीतरी 'सिझर ट्रस' लिहितो. तो वेगळाच प्रकार. त्यात खालच्या दोन्ही दांड्या तिरप्या वर चढून एकमेकींना छेदतात, त्यामुळे आत मधोमध जास्त उंची मिळते. मी त्याला 'फुलीची कैची' म्हणेन. पटलं तर घ्या.

मापांसाठीही आपले शब्द तयार आहेत. कैचीच्या दोन टेकूंमधलं अंतर म्हणजे गाळा आणि दोन कैच्यांमधलं अंतर म्हणजे खण ('पाच खणी घर' मधला तोच). लाकडी किंग पोस्ट कैची साधारण 5 ते 8 मीटर गाळ्याला, दोन खांबांची क्वीन पोस्ट 8 ते 12 मीटरला, आणि खण सुमारे 3 मीटरचा. तीन-साडेतीन मीटरच्या खोलीला कैचीची गरजच नसते, नुसते वासे पुरतात.

राजस्तंभाला मात्र माझा विरोध आहे. स्तंभ भार पेलतो, हा पेलत नाही, लोंबतो. कौलांच्या वजनाने वाशांचे पाय बाहेर सरकू पाहतात. त्यांना खालची तुळई बांधून धरते. ती तुळई मध्ये झोळू नये म्हणून हा 'खांब' तिला वरून उचलून धरतो, म्हणजे काम दोरीचं. त्यापेक्षा किंग पोस्टच म्हणा.

आमच्या गावच्या जुन्या कौलारू शाळेत या खांबाचं बूड तुळईला टेकलेलंच नव्हतं. खालून लोखंडी पट्टी गुंडाळून तुळई टांगलेली. रंगकाम चालू असताना शिडीवर चढून मी त्या फटीत पोस्टकार्ड घातलं. आरपार गेलं.