उरुकच्या पाट्यांवर लेखन आहे की नुसत्या खुणा?

दक्षिण इराकमधल्या उरुकला (आजचं वारका) सापडलेल्या मातीच्या पाट्यांना लेखन कशावरून म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यात भक्कम पुरावा बेरजेचा आहे.

बहुतेक पाट्या हिशेबाच्या आहेत. बोरूचं गोल टोक ओल्या मातीत तिरकं दाबलं की एकक, उभं दाबलं की गोल खळगा. वस्तूंची आणि माणसांची चिन्हं टोकदार काडीने कोरलेली. पुढच्या बाजूला चौकटीत एकेक नोंद आणि पुष्कळदा मागे एकूण. मेंढ्या मोजताना खळगा म्हणजे १०. हाच हिशेब सातूला लावला की बेरीज फसते, कारण धान्याच्या मापात खळगा ६ एककांचा. म्हणून ८ मेंढ्या म्हणजे आठ ठसे, पण ८ मापं सातू म्हणजे एक खळगा आणि दोन ठसे. हे कोडं १९७० च्या दशकाच्या अखेरीस योरान फ्रिबर्ग या स्वीडिश गणितज्ञाने सोडवलं, आणि मागचे आकडे जुळू लागले. मनाला येतील तशा मारलेल्या खुणांची बेरीज अशी जुळत नाही.

नुसते आकडे असलेल्या पाट्या याच्याही आधीच्या आहेत, पण त्यांना मी लेखन म्हणणार नाही. काय, किती आणि कोणाकडे हे तिन्ही एका पाटीवर आलं, की लेखन सुरू झालं.

दुसरा पुरावा याद्यांचा. साधारण दहातली एक पाटी हिशेबाची नसून शब्दांची यादी आहे: हुद्दे, भांडी, प्राणी. हुद्द्यांची यादी पुढे कित्येक शतकं जवळपास जशीच्या तशी उतरवली गेली, त्यामुळे नंतरच्या कीलाकार (पाचरीसारख्या खुणांच्या) लिपीवरून जुनी चिन्हं ओळखता येतात. भाकरीचं किंवा शिध्याचं चिन्ह तर तिरक्या काठाच्या जाडसर वाडग्यासारखं दिसतं, आणि तसे वाडगे उरुकच्या मातीत ढिगांनी सापडतात.

काळाबाबत मात्र जपून बोलावं. इ.स.पू. ३३०० च्या आसपास असं सांगतात, पण एआन्ना या देवळांच्या आवारातल्या पाट्या मुख्यतः भरावाच्या कचऱ्यात मिळाल्या. हिशेब मिटला, पाटी फेकली, त्यावर नवी जमीन घातली. म्हणजे पाटी त्या जमिनीपेक्षा जुनी एवढंच नक्की. किती जुनी, ते थरावरून ठरत नाही.

भाषा सुमेरी असावी, पण सुरुवातीच्या पाट्यांवर प्रत्यय लिहिलेले नाहीत, म्हणून वाक्य वाचता येत नाही. सीडीएलआय या कीलाकार पाट्यांच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर या पाट्यांची छायाचित्रं मोफत आहेत; आधी मागची बाजू उघडा आणि बेरीज स्वतः करून पाहा.