पैसे गेले नाहीत, तरी तक्रारीची पोच घ्याच

देवगडच्या आंबावाल्यांची पोस्ट वाचली. टॅलीतल्या हिशेबाच्या फायली उघडत नाहीत, त्यांच्या नावांना भलतंच शेपूट, प्रत्येक फोल्डरात खंडणीची 'रीडमी' चिठ्ठी, ९८० डॉलर मागितलेत, ७२ तासांत दिले तर ४९०. हा स्टॉप-डीजेव्हीयू जातीचा रॅन्समवेअर दिसतो, म्हणजे फायलींना कुलूप घालून चावीसाठी खंडणी मागणारा व्हायरस. फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमधून येतो. आमच्या काजू कारखान्यात हाच शिरला होता. नेट तोडलंच असेल. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, याच्यासोबत पासवर्ड चोरणारंही बरेचदा येतं.

व्हायरसने छळलं त्याच्या दुप्पट आम्हाला एका कार्यालयाने छळलं. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. "पैसे गेले नाय ना? मग तक्रार कसली?" पुढच्या खेपेला म्हणे जिल्ह्याला जावा. जिल्ह्याला म्हणे हद्दीतला कागद आणा. तेवढ्यात जीएसटीची नोटीस आली, जुने हिशेब दाखवा. हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. व्हायरसने खाल्ले, हे तोंडी कोण ऐकणार? आणि ज्यावर तारीख आहे असा एक चिठोरा आमच्याकडे नव्हता, कारण कोणी दिलाच नाही.

मी वकील नाही, तुमच्या सीएंना विचारा. पण माझ्या समजुतीने पैसे न जाताही आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली हा गुन्हाच आहे, आणि जुलै २०२४ पासून हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १९३० नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी. तुम्ही सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, पोच छापून ठेवा. सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची नोंद घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे. वेळ टळली असली तरी ईमेल कराच, तोही तारखेचा पुरावाच.

हिशेब पुन्हा उभे राहतात. विक्री जीएसटी पोर्टलवरच्या आपल्याच जीएसटीआर-१ रिटर्नमधून, खरेदी तिथल्याच जीएसटीआर-२बी मधून, उरलेलं बँक स्टेटमेंटवरून. कंटाळवाणं आहे, पण खंडणीपेक्षा बरं. पैसे देऊन चावी मिळेलच असं नाही.

कॉम्प्युटरवाला "फॉरमॅट मारतो" म्हणेल. आधी कुलपातल्या फायली आणि ती रीडमी दुसऱ्या डिस्कवर काढा. रीडमीतला आयडी 'टी१'ने संपत असेल तर आशा आहे: व्हायरसला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही की तो ठरलेली चावी वापरतो, आणि ती चावी आज ना उद्या 'नो मोर रॅन्सम' या वेबसाइटवरच्या कुलूप उघडणाऱ्या मोफत साधनात येऊ शकते. आपल्याकडचं नेट जातं ते एकदा तरी कामी येवो!

आणि बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली लटकवणं. काम झालं की काढा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा. आमची एक डिस्क नुसत्या दमटपणाने गेली.